केसपेपरवरची बंदूक

तालुक्याच्या बातमीदाराकडे माणसं दोन विनंत्या घेऊन येतात. 'माझं नाव घाला' ही पहिली आणि 'माझं नाव घालू नका' ही दुसरी. एकवीस वर्षांत तिसरी विनंती मला एकदाच आली. तोंडवलीहून एक गृहस्थ कोंबडा चोरीला गेल्याची बातमी घेऊन आले होते. म्हणाले, "माजा नाव नको, चोराचा पण नको. कोंबड्याचा वर्णान तेवढा नीट घाला. आमका कळलां ह्या चोराक समजांदे." बातमी छापून आली नाही. पण एखाद्याचं नाव न छापताही त्याला भर बाजारात उभं करता येतं, हे त्या गृहस्थांना माझ्या आधी कळलेलं होतं. मला ते कळायला जे प्रकरण घडावं लागलं, त्याबद्दल हा लेख आहे.

हा मजकूर मी जानकी परब यांना वाचून दाखवला आहे. त्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. स्वतःचं नाव त्यांनी राहू दिलं. त्यांच्या दिराचं नाव मी बदललं आहे. डॉक्टरांचं, आरोग्य केंद्राचं आणि कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही तालुक्यात घडू शकलं असतं.

माझं शिक्षण मुंबईच्या एका दैनिकात झालं. सहा वर्षं मी तिथे उपसंपादक होतो. आमचे मुख्य उपसंपादक प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारत. कोणी पाहिलं? कोणी सांगितलं? कागद काय म्हणतो? तिन्हींची उत्तरं नसतील तर बातमी टोपलीत जायची. विशेषणं तर बातमीच्या आधीच जायची. पुढे वडिलांच्या आजारपणामुळे मी गावी परतलो आणि जिल्ह्याच्या एका दैनिकाचा तालुका बातमीदार झालो. जिल्हा वेगळा होऊन थोडी वर्षं झाली होती. कागदाच्या एकाच बाजूला बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ड्रायव्हर ती पोचवायचा. सोमवारी घडलेलं बुधवारी छापून यायचं. रोज सकाळी कचेरी, पोलीस ठाणं, बाजार आणि जेट्टी अशी माझी फेरी असे. कचेरीतल्या कारकुनांशी ओळख हे या धंद्यातलं भांडवल. ते फाइल पुढे सरकवत आणि मी वाचत असे. त्यात काही चुकीचं आहे असं तेव्हा मला वाटत नव्हतं.

आता बंदुकीबद्दल. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात बंदूक असते ती डुकरांसाठी आणि वांदरांसाठी. भात पोटरीला आलं की डुकरं रात्रीत कुणगा, म्हणजे शेताचा अख्खा तुकडा, लोळवून टाकतात. आंबा सुपारीएवढा झाला की वांदरांची टोळी कलमावर बसते. चार फळं चावते आणि चाळीस खाली टाकते. यासाठी सरकार शेतीसंरक्षणाचा परवाना देतं. बंदूक बहुतेक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छरे भरून गजाने ठासायची. दहांपैकी नऊ बार हवेतच काढले जातात. आवाज झाला की टोळी पलीकडच्या बागेत जाते. मग पलीकडचा बार काढतो.

जानकीबाईंचा नवरा जहाजावर खलाशी होता. वर्षातले दहा महिने तो समुद्रावर असे. म्हणून सासऱ्यांनी नव्या सुनेला दोन गोष्टी शिकवल्या. एक, कलमाला खत कधी घालायचं आणि दुसरी, बंदूक कशी ठासायची. नवरा नोकरी सोडून घरी आला, कलमं वाढवली आणि पाच-सहा वर्षांत तापाने गेला. परवाना वारसाने जानकीबाईंच्या नावे झाला. मुलगी शिरोड्याला दिलेली. घरात त्या एकट्या होत्या. बागेचं शिंपण, राखण आणि देवगडच्या दलालाशी हुज्जत, हे सगळं त्या एकट्याच करत.

याच सुमारास आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात घाटावरचे एक तरुण डॉक्टर आले. ते हुशार होते आणि पाच वाजले म्हणून उठून जाणारे नव्हते. त्यांच्याबद्दल पहिली बातमी मी चांगलीच दिली होती. महिन्याभराने त्यांनी एक नवा प्रश्न सुरू केला. ताप असो, खोकला असो, पाय मुरगळलेला असो, प्रत्येक मोठ्या माणसाला ते विचारू लागले, "घरात बंदूक आहे का?"

केंद्रातली तपासणी म्हणजे एक टेबल. टेबलापासून दोन हातांवर रांग सुरू व्हायची आणि व्हरांड्यातून बाहेर फणसाखाली जायची. मधे पडदा नव्हता. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने उत्तर दिलं, "डॉक्टरानू, माजी दाढ दुखता. ती काडूक बंदूक कित्याक होयी? सरकाराकडे चिमटो नाय काय?" रांग हसली. मागची एक बाई म्हणाली, "माज्या घरात हत्यार आसा, पण परवानो नाय. सासूची जीभ." सासू रांगेतच होती. ती म्हणाली, "लिवा, लिवा. आणि सुनेक धार लावूक येता ह्याय लिवा."

पहिले आठ दिवस असे हसण्यात गेले. जानकीबाई गेल्या त्या नवव्या की दहाव्या दिवशी. त्यांना झोप येत नव्हती.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"घोव गेलो तेवापासून."

"जीव नकोसा होतो का कधी?"

पुढचं मागचं कोणी ऐकतंय का, हे त्यांनी वळून पाहिलं. मागे एक बाई मूल खांद्यावर घेऊन त्याला थोपटत होती. जानकीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पयल्या म्हयन्यात वाटलां. आता नाय. आता कलमां मोहरली, सवड खंय आसा?"

"घरात बंदूक आहे?"

"आसा."

डॉक्टरांनी इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. झोप येत नाही. जीव देण्याचे विचार. घरात बंदूक. 'आता नाय' हे दोन शब्द त्यात नव्हते.

बाहेरच्या वाचकांना एक पद्धत समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. केसपेपर केंद्रात राहत नसे. तो पेशंट घरी नेई आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवी. केंद्र चार मैलांवर होतं. त्यामुळे वाडीतलं जे कोणी तिकडे जाई ते सगळ्यांचे केसपेपर आणि रिकाम्या बाटल्या घेऊन जाई. कंपाऊंडर कागद बघून मिक्श्चर भरी, बाटलीवर मात्रांची कागदी पट्टी चिकटवी आणि जाणारा संध्याकाळी घरोघर वाटत येई. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं. कोणाचा कागद कोणी वाचत नसे, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसे. असायचा तो खोकला, खरूज किंवा जंत.

डॉक्टरांच्या एका प्रश्नाने तो कागद बदलला आणि पद्धत तशीच राहिली. वाडीला बदल कळला नाही, कारण मजकूर इंग्रजीत होता.

माघात एकदा औषधं आणायला जानकीबाईंचा धाकटा दीर गेला. त्याला इथे वसंत म्हणू. वसंतने मुंबईत एका कंपनीच्या ऑफिसात वीस वर्षं काढली होती. गावात इंग्रजी पत्र आलं की त्याच्याकडे जाई. भावाने वाढवलेली कलमं एका बाईच्या हातात राहावीत हे त्याला पसंत नव्हतं आणि ते तो बोलूनही दाखवी. केंद्राकडे जाताना त्याने वहिनीचा कागद वाचला. औषध घेतलं. मग आठ मैल वाट वाकडी करून बाजारात गेला. तिथे नुकतंच झेरॉक्सचं यंत्र आलं होतं. संध्याकाळी त्याने बाटली आणि कागद जानकीबाईंच्या हातात दिला. "जेवणानंतर दोन चमचे," असं सांगून तो गेला.

पंधरा दिवसांनी दोन पोलीस आले आणि बंदूक घेऊन गेले. त्यांनी पावती दिली. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "वरून आदेश आहे."

त्या आठवड्यात मी कचेरीत गेलो तेव्हा जानकीबाई बाकावर बसल्या होत्या. पहिल्यांदा मला त्या तिथे दिसल्या. "पेपरवाल्यानू," त्या म्हणाल्या, "माजी बंदूक न्हेली. कित्याक न्हेली ता कोण सांगना नाय. तीन दिस बसलंय. वांदर कलमार आणि मी बाकार."

मी आत गेलो. कारकुनाने नेहमीप्रमाणे फाइल सरकवली. वसंतचा अर्ज होता: वहिनीच्या मनाचा तोल गेला आहे, बंदुकीने ती स्वतःचं किंवा दुसऱ्याचं बरंवाईट करील, बागेचं व्यवस्थापनही तिला झेपत नाही. सोबत केसपेपरची झेरॉक्स. मी ती वाचली. एका बाईने डॉक्टरांना हळू आवाजात सांगितलेली गोष्ट मी, तिच्याशी काही नातं नसलेला माणूस, चहा पीत वाचली. तू कोण वाचणारा, असं मला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. खरं तर तिथेच कोणीतरी विचारायला हवं होतं.

बाहेर येऊन मी त्यांना काय आहे ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरान वसंताक सांगल्यान?"

"नाही. लिहिलं. वसंतने वाचलं."

"मगे एकच झाला."

तपासणीच्या दिवशी नेमकं काय बोलणं झालं होतं, ते त्यांच्याकडून ऐकून घेऊन त्याच दुपारी मी डॉक्टरांकडे गेलो. ते जेवून आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही.

"माझ्या आधीच्या ठिकाणी एक पेशंट होता," ते म्हणाले. "झोप नाही म्हणून तीनदा आला. तीनदा गोळ्या दिल्या. त्याच्या घरी बंदूक होती हे मला तो गेल्यावर कळलं. आता तुम्ही मला सांगणार, विचारू नका म्हणून?"

"विचारा की. रांगेपुढे का?"

"खोली एकच आहे. दुसरी मागितली आहे."

"आणि लिहिता कशाला?"

"उद्या बदली झाली तर पुढच्या डॉक्टरला कसं कळणार?"

"कागद घरी जातो. वाटेत चार हातांत फिरतो."

"म्हणून तर इंग्रजीत लिहितो."

मी झेरॉक्सवरून उतरवून घेतलेल्या ओळी त्यांच्यापुढे धरल्या. "त्या म्हणाल्या होत्या, पहिल्या महिन्यात वाटलं, आता नाही. ते कुठे आहे?"

त्यांनी कागद पाहिला. "रकाना एवढाच असतो हो," ते म्हणाले.

या माणसाचा हेतू वाईट होता असं मी कधीच म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. एखाद्याचा जीव वाचावा म्हणून डॉक्टरने बंदुकीबद्दल विचारणं योग्यच आहे. पण उत्तर देणाऱ्याने विश्वासाने काही तरी हातात दिलेलं असतं आणि ते ठेवायला आपल्याकडे कुलूप आहे का, हे विचारणाऱ्याने आधी पाहायचं असतं. इंग्रजी हे कुलूप नव्हे. ज्या भागातल्या प्रत्येक घरातला एक माणूस मुंबईला नोकरी करून आलेला आहे तिथे तर नव्हेच.

मी म्हटलं, "आता त्या बऱ्या आहेत एवढं लिहून द्या. बंदूक परत मिळेल. आंबा धरला आहे."

"उद्या काही झालं तर?"

"पहिलं लिहिलंत तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता?"

"तेव्हा मी सावधगिरी बाळगली. आता तुम्ही मला बेसावध व्हायला सांगताय." त्यांनी लिहून दिलं नाही.

लिहायला एक मिनिट लागलेल्या तीन ओळी खोडायला आता सरकारात कोणीच तयार नव्हतं. डॉक्टर म्हणत, निर्णय कचेरीचा. कचेरी म्हणे, मत डॉक्टरांचं. पोलीस म्हणत, आम्ही हुकमाचे ताबेदार. चौथं कोणी नव्हतं, म्हणून मी बातमी लिहायचं ठरवलं.

ती बातमी मी चार वेळा लिहिली. आमच्या मुख्य उपसंपादकांनी शिकवलेला प्रत्येक नियम पाळला. जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव नाही. गावाचं नाव नाही. आडनाव नाही, वय नाही. 'एका विधवा परवानाधारक महिलेने वैद्यकीय अधिकाऱ्यास विश्वासाने सांगितलेली, जीव देण्याच्या विचाराबाबतची माहिती कचेरीपर्यंत पोचून तिची बंदूक जप्त झाल्याचे समजते,' असं पहिलं वाक्य होतं. प्रत्येक शब्दामागे कागद होता. एसटी सुटताना पाकीट ड्रायव्हरला दिलं तेव्हा बऱ्याच दिवसांनी नीट काम केल्यासारखं वाटलं.

बातमी आली त्या सकाळी मी मासळीबाजारात होतो. बांगडे विकणारी एक बाई पेपराचा कागद मासळीखाली पसरत होती. ती मला म्हणाली, "जानकीची बातमी बरी घातलास."

"कुठल्या जानकीची? त्यात नाव नाही."

"नाव कित्याक होया?" ती हसली. "बंदूकवाली बायलमाणूस तालुक्यात दुसरी खंय आसा?"

मी तसाच कचेरीत गेलो आणि परवान्यांचं रजिस्टर मागितलं. शेतीसंरक्षणाचे परवाने पानांमागून पानं होते. बाईच्या नावे एक. तीन प्रश्न विचारायला शिकलेल्या बातमीदाराने चौथा विचारला नव्हता: अशा किती आहेत? मुंबईच्या टेबलावर 'एक विधवा महिला' म्हटलं की ती लाखोंत दिसेनाशी होते. इथे तेच शब्द घराकडे बोट दाखवत होते.

बातमीच्या आधी ती गोष्ट डॉक्टरांना, वसंतला, दोन कारकुनांना आणि मला माहीत होती. बातमीनंतर ती सगळ्या तालुक्याला माहीत झाली.

पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं. शेजारीण रोज संध्याकाळी आपल्या मुलीला सोबतीला पाठवू लागली. मुलगी रात्रभर जागी राहून त्यांच्याकडे बघत बसे. शिरोड्याहून लेक रडत आली आणि आईला घेऊन जाते म्हणू लागली. एकदा पोटमाळ्यावर उंदीर झाले म्हणून जानकीबाई बाजारात औषध आणायला गेल्या. दुकानदाराने पुडी काढली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुडी परत डब्यात टाकली. "काकी, घरातला दुसरा कोणाक तरी धाड."

"माज्या घरात दुसरा कोण आसा रे?" त्यांनी विचारलं.

दुकानदार मागच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला.

मी त्यांच्या घरी गेलो. बागेत वांदरांनी टाकलेल्या कैऱ्यांचा सडा होता. त्या पत्र्याचा डबा आणि दांडा घेऊन कलमाखाली उभ्या होत्या. मी म्हटलं, "खुलासा छापतो. तुम्ही ठणठणीत आहात असं लिहितो."

त्यांनी डबा खाली ठेवला. "अजून कितीसा सांगतलास लोकांका?"

मी खुलासा छापला नाही.

वैशाखात प्रांतसाहेबांपुढे सुनावणी झाली. कारकुनाने फाइल वर नेताना मला दाखवली. केसपेपरच्या झेरॉक्समागे माझ्या बातमीचं कात्रण टाचलेलं होतं. वसंतने ते पुरावा म्हणून जोडलं होतं: पाहा, पेपरातही आलं आहे. मी कष्टाने टाळलेलं नाव कोणीतरी समासात लाल शाईने लिहून ठेवलं होतं. पूर्ण नाव, गाव आणि परवाना क्रमांकासह. अक्षर सुबक होतं.

सुनावणी मोठ्या खोलीत होती. दोन कारकून, शिपाई, दारात पुढच्या प्रकरणांची दहा-बारा माणसं. वसंत आधी बोलला. "कुटुंबाची जबाबदारी म्हणून अर्ज केला, साहेब. वहिनीची काळजी वाटते."

जानकीबाई त्याच्याकडे वळल्या. "काळजी? वसंता, तू बाटली घेवन इलस तेवा दारात उभो होतस. तेवा इचारूक होया होतां, वयनी, झोप लागता काय गो? कागद वाचलंस आणि माका चमचे मोजून सांगलंस."

दारातलं कोणीतरी हसलं.

प्रांतसाहेब सौम्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, आता तसे विचार मनात येतात का?"

हा तोच प्रश्न होता. डॉक्टरांनी रांगेपुढे विचारला होता, साहेबांनी खोलीभर माणसांत विचारला. या वेळी उत्तर लिहून घ्यायला कारकून पेन धरून बसला होता.

जानकीबाई म्हणाल्या, "सायबानू, ह्या प्रश्नाचा खरा उत्तर मी एकदा दिलंय. तेची शिक्षा भोगतंय. आता खोटा सांगू, काय गप रवू?"

कारकुनाने पेन खाली ठेवलं नाही, पण लिहिलंही नाही. साहेबांनी फाइलची पानं पुढे-मागे केली. अर्ध्या तासाने निकाल दिला: बंदूक परत करावी. मात्र यापुढे प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारकाने मनःस्वास्थ्य ठीक असल्याचा वैद्यकीय दाखला जोडावा.

त्या जागच्या हलल्या नाहीत. "आणि तो कागद?"

"तो फाइलचा भाग आहे."

"आणि पेपरातलो तुकडो?"

"तोही."

"बंदूक र्‍हवांदे तुमच्याकडे, सायबानू. माका कागद द्या."

"तसं करता येत नाही, बाई," साहेब म्हणाले. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं.

बंदूक आषाढात मिळाली, नळीत गंज धरलेली. त्या मोसमात त्यांच्या बागेतून देवगडच्या दलालाकडे एकही पेटी गेली नव्हती.

डॉक्टरांची पुढच्या वर्षी बदली झाली. प्रश्न मात्र गेला नाही. कंपाऊंडरने रोज लिहायचे कष्ट वाचावेत म्हणून मधल्या काळात रबरी शिक्का करून घेतला होता: 'बंदूक आहे / नाही', 'झोप चांगली / कमी'. नव्या डॉक्टरांनी हा प्रश्न कोणी आणि का सुरू केला, हे कधी विचारलं नाही. शिक्का होता, म्हणून मारला जात होता. आणि पेशंट आता शहाणे झाले होते. मी एका सकाळी तासभर रांगेजवळ उभा राहिलो. ज्यांच्या बंदुकीचे बार मी स्वतः ऐकले होते त्यांनी 'नाय' सांगितलं. ज्यांचे डोळे जागरणाने सुजले होते त्यांनी 'बरी लागता' सांगितलं. केंद्राच्या कागदांवर विश्वास ठेवायचा तर त्या पंचक्रोशीत एकही बंदूक नव्हती आणि सगळ्यांना गाढ झोप लागत होती. त्यांच्यात खरोखर मदत हवी असलेला एखादा असेलच. त्याचं तोंड आम्ही सगळ्यांनी मिळून बंद केलं. डॉक्टर, दीर, कचेरी आणि बातमीदार, यांतला कोणीही एकटा ते करू शकला नसता.

नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा जानकीबाई दाखल्यासाठी केंद्रात गेल्या. रांगेत निम्म्यापर्यंत पोचल्या. पुढे शिक्का उठल्याचा आवाज येत होता. त्या रांगेतून बाहेर पडल्या आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या फेरीत पोलीस ठाण्यात होतो. जानकीबाई आल्या. बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, शेजारी परवाना ठेवला. हवालदार ओळखीचा होता. त्याने छापील फॉर्म काढला आणि 'परवाना परत करण्याचे कारण' या रकान्यात, त्यांना न विचारता, 'स्वेच्छेने' असं लिहिलं. मी तो शब्द वाचला. ती बातमी मी दिली नाही. कुठली बातमी द्यायची नाही, हे मी फार आधी शिकायला हवं होतं.

त्यांनी अंगठा न देता सही केली. पावती नीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

हवालदार भला माणूस होता. त्याला वाईट वाटलं असावं. फॉर्मवर शिक्का मारून झाल्यावर त्याने विचारलं, "काकी, तब्येत बरी आसा मा?"

जानकीबाईंनी त्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. त्या बघतच राहिल्या. शेवटी त्याच्या ते लक्षात आलं. त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.

तेव्हा त्या म्हणाल्या, "बरी आसा."